ओसाकातला शेवटचा दिवस: नाम्बा, बॅगा आणि समुद्रातला विमानतळ

ओसाकाला दोन विमानतळ आहेत. दाबोळीच्या जोडीला मोपा आल्यापासून हा घोळ काय असतो ते गोव्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. फरक इतकाच, की ओसाकात नावच फसवतं. 'ओसाका इंटरनॅशनल' असं भारदस्त नाव मिरवणारा इतामी विमानतळ आज निव्वळ देशांतर्गत उड्डाणांचा आहे. १९९४ साली समुद्रातल्या बेटावर कान्साई विमानतळ सुरू झाला, परदेशी उड्डाणं तिकडे गेली आणि नाव मात्र इतामीकडेच राहिलं. इतामी शहराच्या उत्तरेला, कान्साई दक्षिणेला. मधे बसने सव्वा तासाच्या आसपासची वाट. तिकिटावर आय-टी-एम लिहिलंय की के-आय-एक्स, हे पेडण्याची टॅक्सी सांगायची की वास्कोची हे बघतो तितक्याच काळजीने बघावं.

हे परीक्षण आहे ते परतीच्या शेवटच्या चोवीस-तीस तासांचं. टोकियो किंवा क्योतोहून ओसाकात उतरायचं, एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री कान्साईहून उडायचं. गोव्यातून जपानला थेट विमान नाही, त्यामुळे पुढे बँकॉक, सिंगापूर, दिल्ली किंवा मुंबई असा आणखी एक टप्पा असतोच, आणि ओसाकात चुकलेला तासभर पुढच्या सगळ्या साखळीवर जातो. मत आधीच सांगून टाकतो: मुक्काम शहराच्या दक्षिण भागातल्या नाम्बात असेल तर शेवटच्या दिवसासाठी ओसाकासारखं शहर नाही. मुक्काम उमेदात असेल तर टोकियोतच थांबलो असतो तर बरं, असं वाटण्याची शक्यता आहे.

उमेदा म्हणजे शहराचा उत्तरेकडचा मोठा चौक. तिथे एकाच ठिकाणाला किती नावं असावीत? जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं स्टेशन 'ओसाका'. मेट्रोच्या मिदोसुजी मार्गाचं 'उमेदा', तानिमाची मार्गाचं 'हिगाशी-उमेदा', योत्सुबाशी मार्गाचं 'निशी-उमेदा'. हानक्यू आणि हानशिन या दोन खासगी रेल्वे कंपन्यांची 'ओसाका-उमेदा' नावाची दोन वेगळी स्टेशनं. ही सगळी जमिनीखालच्या बाजारपेठांनी एकमेकांना जोडलेली आहेत. मोकळ्या हातांनी हिंडायला ते बरं. दोन मोठ्या बॅगा घेऊन मात्र हा भुलभुलैया घाम काढतो, कारण लिफ्ट नेहमी तुम्ही उभे असाल त्याच्या दुसऱ्या टोकाला असते. नाम्बातही स्टेशनं चार कंपन्यांची आहेत, पण तिथे तुम्हाला एकाच इमारतीशी काम असतं: नानकाई या खासगी रेल्वे कंपनीचं नाम्बा स्टेशन. विमानतळाची गाडी तिथूनच सुरू होते, म्हणजे बसायला जागाही मिळते.

शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने येणारे शिन-ओसाकाला उतरतात. तिथून मेट्रोची लाल रंगाची मिदोसुजी लाइन सरळ दक्षिणेला नाम्बाला आणते, पंधरा मिनिटांत, कुठेही बदलावं न लागता. सकाळी आठ ते साडेनऊच्या गर्दीत या मार्गावर बॅग घेऊन चढू नये. चढता येतंही नाही. मधल्या एका डब्यावर गुलाबी पाटी असते, तो बायकांचा डबा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहायचं असतं, ओसाकात उजवीकडे. टोकियोची सवय लागलेली माणसं इथे दोन दिवस वाट अडवून उभी असतात.

शिनकानसेनचा एक नियम इथेच सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना गाडीत चढल्यावर कळतो. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल अशा बॅगेसाठी डब्याच्या मागच्या टोकाची, बॅगेच्या जागेसह मिळणारी सीट आधी आरक्षित करावी लागते. ती फुकट असते. न करता चढलात तर १,००० येन मोजावे लागतात. आपल्याकडची अठ्ठावीस इंची बॅग चाकं-हँडल धरून १६० च्या अगदी काठावर असते. घरी टेपने मोजा, दुकानातल्या लेबलवर विसंबू नका.

पण खरं म्हणजे ती बॅग शिनकानसेनमध्ये न्यायचीच कशाला? या सगळ्या परीक्षणात पैकीच्या पैकी गुण कशाला द्यायचे झाले तर ते 'ताक्क्युबिन'ला. काळं मांजर पिल्लाला तोंडात धरून चाललंय अशा चिन्हाच्या यामातो कंपनीने ही घरपोच सामानसेवा १९७६ मध्ये सुरू केली. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, एक फॉर्म भरायचा, दुसऱ्या दिवशी बॅग पुढच्या शहरातल्या हॉटेलात हजर. दर वजनापेक्षा आकारावर ठरतो: तीन बाजूंच्या बेरजेनुसार ६०, ८०, १००, १२०, १४०, १६० अशा पायऱ्या, आणि १६० च्या पायरीला वजनाची मर्यादा २५ किलो. टोकियो ते ओसाका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते साडेतीन हजार येन धरावेत. एक येन म्हणजे आपले साठ पैसे किंवा थोडे कमी असा ढोबळ हिशेब ठेवला तर चुकत नाही.

चुका होतात त्या अशा. बॅग थेट विमानतळावर पाठवता येते, पण ती उड्डाणाच्या आदल्या दिवशी तिथे पोचवण्याची पद्धत आहे. म्हणून किमान दोन दिवस आधी द्यावी लागते. आज रात्रीच्या विमानासाठी आज सकाळी बॅग पुढे करणाऱ्याला काउंटरवरची बाई अतिशय नम्रपणे नाही म्हणते. फॉर्मवर विमानाचा क्रमांक, वेळ आणि टर्मिनल लिहायचं असतं. टर्मिनल एक आणि दोन यांत चूक झाली तर बॅग चुकीच्या इमारतीत जाऊन बसते. पॉवर बँक बॅगेत राहू देऊ नका. औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत, हे सांगायची गरज नसावी, पण दर वेळी कुणी ना कुणी विसरतंच. विमानतळावरचा सामानाचा काउंटर रात्रभर उघडा नसतो. मध्यरात्रीनंतर उडणार असाल तर काउंटर बंद व्हायच्या आत पोचून बॅग सोडवून घ्यावी.

एका रात्रीच्या मुक्कामाला सगळ्यात सोपा उपाय वेगळाच आहे. मोठी बॅग दोन दिवस आधी नाम्बातल्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवायची, आणि शेवटच्या दिवशी दहा-अकराला खोली सोडल्यावर ती हॉटेलच्याच ताब्यात ठेवायची. बहुतेक हॉटेलं संध्याकाळपर्यंत फुकट ठेवतात आणि प्लास्टिकचा बिल्ला देतात. पाठवताना पत्त्याखाली बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव आणि मुक्कामाची तारीख लिहायला हवी. बुकिंग नवऱ्याच्या नावावर आणि बॅग बायकोच्या, असं झालं की हॉटेलवाले बॅग घ्यायला कां-कूं करतात.

लॉकर हा तिसरा मार्ग, आणि वाटतो तितका खात्रीचा नाही. नाम्बाच्या स्टेशनांत लॉकर भरपूर आहेत, पण मोठ्या बॅगेचे थोडे, आणि शनिवार-रविवारी सकाळी दहापर्यंत ते भरून जातात. छोट्याला चारशे येनच्या आसपास, मोठ्याला आठशे-हजारपर्यंत. जुन्या लॉकरना फक्त शंभर येनची नाणी चालतात. भाडं चोवीस तासांचं नसतं, दिवसाचं असतं, आणि बहुतेक ठिकाणी तो दिवस मध्यरात्रीच्या सुमारास पालटतो. रात्री दहाला ठेवलेली बॅग सकाळी सातला काढली तरी दोन दिवसांचे पैसे पडतात. आयसी कार्डाने, म्हणजे रेल्वे-मेट्रोचं भाडं भरायच्या टच कार्डाने पैसे भरले तर तेच कार्ड किल्ली होतं. मग ते कार्ड दुसऱ्याच्या खिशात गेलं, आणि तो दुसरा नाम्बातल्या दोतोनबोरी कालव्याकाठच्या गर्दीत हरवला, तर लॉकरसमोर उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही. लॉकरचा नंबर आणि जवळच्या दाराचा नंबर यांचा फोटो काढून ठेवा. सगळे कोपरे सारखेच दिसतात.

आता विमानतळाची गाडी. नानकाईच्या दोन गाड्या आहेत. 'एअरपोर्ट एक्स्प्रेस' ही साधी लोकल: नाम्बापासून ४५ मिनिटं, ९७० येन, आरक्षण नाही, लांब बाकं. दुसरी 'रापीट', गडद निळी, गोल खिडक्यांची, लोखंडी शिरस्त्राण घातल्यासारख्या तोंडाची. तिला ९७० वर साध्या सीटचे ५२० येन जास्त, एकूण १,४९०. वेळ चाळीस मिनिटांच्या आत. म्हणजे ५२० येन मोजून वाचतात पाच-सात मिनिटं! नुसता वेळेचा हिशेब केला तर रापीट परवडत नाही. पण तिच्यात बॅगा ठेवायला डब्याच्या टोकाला वेगळी जागा आहे, सीट नक्की असते, आणि सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर तेवढ्यासाठीच ती घ्यावी. एकट्याने, एका बॅगेवर, एअरपोर्ट एक्स्प्रेस पुरे. तिच्यात बॅग पायांत धरून बसायचं, नाहीतर प्रत्येक थांब्याला ती चाकांवर फिरायला निघते.

रापीटमध्ये आरक्षणाशिवाय चढता येत नाही. साध्या प्रवासाला मात्र तिकीट काढायचीही गरज नाही. नानकाईच्या गेटवर व्हिसाचं टच करायचं कार्ड चालतं, आणि ओसाका मेट्रोतही आता टच कार्डाची गेटं आहेत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि टच पेमेंट ही दोन्ही बटणं चालू करायची. गेट लाल झालं तर तो बहुधा यातल्या दुसऱ्या बटणाचा दोष असतो. आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर चौघांना आत सोडत नाहीत.

मेट्रोच्या जमिनीखालच्या फलाटापासून नानकाईच्या वरच्या मजल्यावरच्या फलाटापर्यंत बॅगांसह पंधरा मिनिटं धरा. फलाटावर 'सदर्न' नावाची एक देखणी गाडी उभी असते. ती वाकायामाला जाते, विमानतळाला नाही. चुकून बसलातच तर घाबरायचं कारण नाही, इझुमिसानोला उतरून विमानतळाची गाडी धरायची.

जेआरची चूक जास्त महागात पडते. तेन्नोजी किंवा ओसाका स्टेशनाहून 'कान्साई एअरपोर्ट रॅपिड' पकडणाऱ्यांसाठी हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. ही गाडी बऱ्याचदा आठ डब्यांची जोडगाडी असते. हिनेनो स्टेशनला ती मधोमध तुटते: एक ते चार क्रमांकाचे डबे विमानतळाला जातात, पाच ते आठ वाकायामाकडे. गाडी एकच, फलाट एकच, सूचना इंग्रजीतही होतात, पण बॅगेवर डोकं टेकून झोपलेल्या माणसाला त्या ऐकू येत नाहीत. डब्याच्या दारावरची पाटी वाचूनच चढा, आणि चुकीच्या डब्यात असाल तर हिनेनोला गाडी थांबते तेवढ्यात फलाटावरून पळून पुढे जा. आतून डब्यांमधून जायचा रस्ता तिथे नसतो.

विमानतळ किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटर आत, भराव टाकून केलेल्या बेटावर आहे. मऊ चिकणमातीच्या समुद्रतळावर बांधल्यामुळे हे बेट बांधकामापासून आजवर दहा मीटरहून जास्त खचलंय, आणि अजून थोडं थोडं खचतंय. तिथे जायला एकच पूल, पावणेचार किलोमीटर लांब, वर मोटारी आणि खाली रेल्वे. सगळी गंमत आणि सगळी जोखीम या एका पुलात आहे. वारा जोराचा सुटला की आधी रेल्वे हळू होते, मग थांबते. ४ सप्टेंबर २०१८ ला, विमानतळाच्या बरोबर चोविसाव्या वाढदिवशी, जेबी वादळाने धावपट्टीवर समुद्राचं पाणी आणलं आणि नांगर सुटलेलं एक टँकर जहाज पुलावर येऊन आदळलं. हजारो माणसं रात्रभर बेटावर अडकली. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं ते उरलेल्या अर्ध्या पुलावरून बसने आणि समुद्रातून कोबेकडे जाणाऱ्या वेगवान बोटींनी. रेल्वे सुरू व्हायला दोन आठवडे लागले.

ती बोट आजही चालते, 'बे शटल' तिचं नाव, कोबे विमानतळ ते कान्साई अर्ध्या तासात. फेरीबोटीने चोडण-दिवाडीला जाण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना तरी तिचं महत्त्व पटावं. रोजच्यासाठी नाही, पण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे नेमक्या चतुर्थी ते दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हा पर्याय डोक्यात असू द्या. वादळाचा अंदाज जपानी हवामान खातं दोन-तीन दिवस आधी देतं. रेल्वे कंपन्याही गाड्या बंद ठेवणार असल्याचं बहुधा आदल्या दिवशी जाहीर करतात. तशी सूचना दिसली की शेवटची रात्र शहरात काढूच नये. विमानतळाच्या स्टेशनला लागून एअरोप्लाझा नावाची इमारत आहे, तिच्यात हॉटेलही आहे आणि केबिनसारख्या छोट्या खोल्याही. कॅप्सूल हॉटेलचा जन्मच ओसाकातला, १९७९ चा, उमेदातला. पण सहा फुटी माणसाने आणि घोरणाऱ्याने आधी विचार करावा. वारा नसलेल्या साध्या दिवशी नाम्बातून उड्डाणाच्या चार तास आधी निघणं पुरे.

रात्री अकराच्या पुढे रेल्वे संपत जातात आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. सकाळी सातच्या विमानाला पहिल्या गाडीचा भरवसा धरू नका.

मग उरला तो मधला वेळ, सकाळी अकरा ते दुपारी तीन-चार. नाम्बाच्या बाजूने बोलायचं तर सगळं चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. दोतोनबोरीचा कालवा १६१५ मध्ये पुरा झाला. आज त्याच्या काठावर ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीतला धावणारा माणूस आणि त्याच्यासमोर हात वर करून फोटो काढणाऱ्यांची रांग. फोटो काढा आणि तिथून निघा. जेवायला कालव्याच्या कडेला बसू नका, तिथलं भाडं तुमच्या ताटातून वसूल होतं. कुरोमोन बाजाराचंही तेच. साडेपाचशे-सहाशे मीटरचा हा छपराखालचा मासळीबाजार एके काळी शहरातल्या हॉटेलांना माल पुरवायचा. आता भाजलेल्या खेकड्याच्या एकेका तंगडीवर जे भाव लावलेले असतात ते पाहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हसू येतं. घासाघीस करायची सोय नाही. बघायला जा, विकत घ्यायला फळं घ्या, मासे गोव्यात खा.

खायचं ते असं. ताकोयाकी म्हणजे आपल्या आप्पेपात्रासारख्याच, पण अर्धगोल खळग्यांच्या तव्यात केलेले पिठाचे गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. आठ नगांना साधारण सहाशे-आठशे येन. बाहेरून निवलेले दिसतात, आतलं पातळ पीठ उकळतं असतं; काडीने फोडून वाफ जाऊ द्या, नाहीतर पुढचे दोन दिवस जिभेला चव नाही. ओकोनोमियाकी हे कोबी घातलेलं जाड धिरडं. नेहमीच्या प्रकारात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या असतात, त्याला 'बुता' म्हणतात. 'एबी' म्हणजे सुंगटां (कोळंबी), 'इका' म्हणजे माणकी (स्क्विड), 'तोरी' कोंबडी आणि 'ग्यू' गोमांस. हे पाच शब्द पाठ केले की मेन्यूचं अर्धं काम झालं. धिरडं तव्यावर शिजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, रांगेचे वेगळे. साडेबारानंतर रांगेत उभे राहिलात तर दीड तास गेला म्हणून समजा. अकराला दुकान उघडतं तेव्हाच जा.

कुशिकात्सू म्हणजे काडीला लावून तळलेले तुकडे. सामाईक भांड्यातल्या सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, दात लावल्यावर परत नाही. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हा नियम समजायला वेळ लागत नाही. बऱ्याच दुकानांत तर आता सॉसची बाटलीच देतात. वेळ अगदी कमी असेल तर फिरत्या पट्ट्यावरची सुशी. ही कल्पनाच ओसाकाची, १९५८ मध्ये हिगाशी-ओसाकातल्या गेनरोकू सुशीने पहिल्यांदा पट्टा फिरवला. अर्ध्या तासात पोट भरतं, भाव ताटलीच्या रंगावर किंवा स्क्रीनवर कळतो, कुणाशी बोलावं लागत नाही.

सोमवारी किंवा गुरुवारी शिवराक (शाकाहार) पाळणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. उदोनचा रस्सा, मिसो सूप, भाज्यांची उकड, सगळ्यांत 'दाशी' म्हणजे मुरवलेलं पाणी असतं, आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचं. गोड तोफूच्या पिशवीतला भातसुद्धा त्याच रसात मुरवलेला. धिरड्यावर जे हलतं ते कागदासारखं भुरभुरीत प्रकरण म्हणजे तोच मासा किसलेला. 'कात्सुओबुशी नुकी दे' म्हटलं की ते घालत नाहीत, पण पिठातली दाशी तशीच राहते. त्या दिवशी सरळ भारतीय हॉटेल गाठावं, किंवा कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातली केळी, दही आणि साधा भात. वार बघून तिकीट काढणं शक्य असेल तर तेच उत्तम!

रस्त्यावर चालताना सिगारेट ओढायला ओसाका शहरात जानेवारी २०२५ पासून सगळीकडे बंदी आहे, दंड १,००० येन.

खरेदीत नाम्बाचं खरं सोनं म्हणजे दोगुयासुजी, स्वयंपाकाच्या भांड्यांची गल्ली. दीडशे मीटरची, पण दीड तास जातो. तिथे आणि शेजारच्या दुकानांत साकाईच्या सुऱ्या मिळतात. साकाई हे नानकाईच्याच मार्गावरचं गाव, सुऱ्यांसाठी कित्येक शतकं नावाजलेलं. गोव्याच्या स्वयंपाकघरासाठी घ्यायची तर काय घ्यावी? जाड पाठीची 'देबा' माशाचं डोकं आणि काटा तोडायला असते. ती एकाच बाजूला धार लावलेली असते, त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी मागवावी लागते आणि महाग पडते. इस्वणाच्या (सुरमईच्या) तुकड्या पाडायला तिचा उपयोग आहे, बांगड्यासाठी मात्र आदोळीच, म्हणजे विळीच बरी. महत्त्वाचं म्हणजे पोलाद. दुकानदार 'हागाने' म्हणजे कार्बनच्या पोलादाची शिफारस करेल, कारण धार तिचीच अप्रतिम. आपल्या खाऱ्या हवेत आणि जूनपासूनच्या पावसात ती सुरी आठवड्यात तांबूस होते, वापरून लगेच पुसली नाही तर तासाभरात डाग धरते. रोज तेल लावून ठेवायची शिस्त नसेल तर स्टेनलेस घ्या आणि खंत करू नका.

सुरी चेक-इनच्या बॅगेतच जाणार. सॉस, व्हिनेगर, साके (तांदळाची दारू) यांचंही तेच. आणि इथेच आधीच्या सगळ्या नियोजनाला एक गाठ बसते: बॅग दोन दिवस आधी विमानतळावर पाठवलेली असेल तर शेवटच्या दिवसाची खरेदी हातात उरते. ती काउंटरवर बॅग सोडवल्यावर, चेक-इनच्या आधी, आत सरकवायची. म्हणून बॅगेत मुद्दाम दोन-तीन किलो आणि एका सुरीच्या खोक्याएवढी जागा रिकामी ठेवावी. करमुक्त खरेदीला एका दुकानात एका दिवसात करापूर्वीचे ५,००० येन लागतात आणि मूळ पासपोर्ट, फोटोप्रत चालत नाही. खाण्यापिण्याच्या वस्तू दुकानवाले सीलबंद पिशवीत देतात, ती जपानबाहेर पडेपर्यंत उघडायची नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात करासकट पूर्ण पैसे द्यायचे आणि निघताना विमानतळावर कस्टमची तपासणी झाल्यावर कर परत. म्हणजे तेव्हापासून वस्तू बॅगेत कोंबून बॅग पट्ट्यावर सोडण्याआधी तपासणीचं काम उरकावं लागेल, आणि चार तासांचे साडेचार तास धरावे लागतील.

फक्त एका रात्रीसाठी ओसाकात उतरणाऱ्यांनाही व्हिसा लागतो, विमान बदलताना शहरात डोकावायचं म्हटलं तरी. ई-व्हिसा काढला असेल तर तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून संकेतस्थळावरच उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, कागदावरची छापील प्रत यांपैकी काहीही धरत नाहीत. मोपाच्या काउंटरपासूनच हे विचारायला सुरुवात होते, तेव्हा डेटा संपलेला फोन घेऊन निघू नका.

विमानतळाची इमारत वास्तुकार रेंझो पियानोची, एक किलोमीटर आणि सातशे मीटर लांब. आंतरराष्ट्रीय निर्गमन चौथ्या मजल्यावर. लांबच्या गेटांना आतली छोटी गाडी नेते. सुरक्षा तपासणीनंतर गेटपर्यंत वीस मिनिटं सहज धरा. पीचसारख्या स्वस्त कंपन्यांची उड्डाणं टर्मिनल दोनवरून होतात. तिथे रेल्वे जात नाही. स्टेशनातून एअरोप्लाझात जाऊन खालून फुकटची बस धरायची, वाट आणि प्रवास मिळून अर्धा तास. टर्मिनल दोनमध्ये खाण्याची सोय यथातथाच आहे, एअरोप्लाझातच काहीतरी खाऊन घ्या. फार लवकर पोचण्यातही अर्थ नाही: बऱ्याच कंपन्यांचं चेक-इन तीन तास आधीच उघडतं. त्यापेक्षा एक स्टेशन अलीकडे, रिंकू टाउनला उतरून तिथल्या आउटलेट मॉलमध्ये वेळ काढता येतो, पण हातात एकच बॅग असेल तरच.

निघण्याआधी आयसी कार्डाचा हिशेब. इकोका या ओसाकाकडच्या आयसी कार्डाच्या ठेवीचे ५०० येन परत मिळतात, जेआरच्या विमानतळ स्टेशनावर. शिल्लक रकमेतून २२० येन कापतात, पण शिल्लक शून्य असेल तर काहीच कापत नाहीत. म्हणून आधी दुकानात ती संपवा, मग कार्ड द्या. टोकियोत घेतलेलं सुइका हे तिकडचं आयसी कार्ड ओसाकात चालतं, परत मात्र घेत नाहीत. नाण्यांचंही तेव्हाच बघा, पणजीत पैसे बदलून देणारे येनच्या नोटा घेतात, नाणी नाही. ५०० येनचं एक नाणं म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये. विमानतळावरच्या दुकानात सगळी नाणी पुढे करायची आणि वरचे कार्डाने द्यायचे, तिथे कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

सुरक्षा तपासणीनंतर घेतलेली साकेची बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या. मुंबईत किंवा दिल्लीत सामान उचलून, कस्टममधून बाहेर पडून मोपाच्या विमानासाठी बॅगा पुन्हा सोडायच्या असतात. ती बाटली तेव्हा मोठ्या बॅगेत गेली नाही, तर देशांतर्गत तपासणीत ती काढून घेतली जाण्याची पाळी येते.